भाता हलतो तेव्हा

सोलापूरचं ऊन घाईनं मावळत नाही. दिवसभर ते दगडी भिंतींत, पत्र्यांत, रस्त्याच्या डांबरात मुरत राहतं, आणि संध्याकाळी सात रस्त्याला वारं सुटलं की रिक्षांच्या टपांवरून, कडुनिंबाच्या धुळकट पानांवरून, विजापूर रोडकडे निघालेल्या गाड्यांच्या काचांवरून तांबूस होत परत फिरतं. अशा वेळी माझ्या खोलीत मुलं जमतात. कुणाच्या हाताला शेंगाचटणीचा वास, कुणाच्या केसांना नुकत्या लावलेल्या तेलाचा. मी पेटीची खिट्टी काढते, भाता हलतो, आणि बाहेरच्या हॉर्नच्या गदारोळात एक षड्ज उभा राहतो.

पेटी वडिलांची. ते गिरणीत होते. पहाटेचा भोंगा झाला की आमच्या चाळीत चुली पेटत, दारं वाजत, आणि सूत अंगाखांद्यावर घेऊन माणसं संध्याकाळी परतत. मग एके वर्षी तो भोंगाच थांबला. त्यानंतर कितीतरी दिवस वडील सवयीनं त्याच वेळेला उठत, शर्ट घालत, आणि उंबऱ्याशी येऊन थांबत. जायला कुठं नव्हतं. मला वाटतं, माणसाचा रोजगार जातो तेव्हा त्याची सकाळच आधी जाते.

त्या रिकाम्या सकाळी त्यांनी पेटीनं भरल्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं ते म्हणायला लागले, ओवीच्या चालीवर, अभंगाच्या चालीवर; नऊवारीतली आजी मांडी घालून टाळ धरायची, आणि शेजारच्या तेलुगू घरातली बाई विड्या वळता वळता मान डोलवायची. घरात पैसा नव्हता, पण ख्रिस्ताचं नाव ज्ञानोबा-तुकोबांच्या चालीत ऐकत मी वाढले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. आमच्या चाळीत त्या पुलावरून रोज दोन्ही बाजूंनी ये-जा चालायची.

पुढे माझे यजमान गेले. त्याविषयी फार लिहवत नाही. एवढंच सांगते, की त्यानंतर माझा गळा मिटला. उपासनेत सगळे उभे राहत, गीताचा क्रमांक सांगितला जाई, पुस्तकं उघडल्याची सळसळ होई, सूर माझ्यापर्यंत येऊन थांबे, मी ओठ उघडी आणि आत नुसता वारा.

देवावरचा विश्वास गेला नव्हता. गाणं गेलं होतं.

त्या दिवसांत टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मकथन, ‘स्मृतिचित्रे’, पुन्हा हातात आलं. शाळेत धडा म्हणून वाचलेलं, हसून बाजूला ठेवलेलं. या खेपेला मी पंढरपुरात अडकले. 1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पुढच्या दुराव्यातला मोठा काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला. आमच्या सोलापूर जिल्ह्यातलं पंढरपूर, इथून सत्तरेक किलोमीटरवरचं. नवरा जिवंत, कपाळावर कुंकू, पदरात लहानगा दत्तू, आणि तरी सगळं गाव जिच्याकडे उजाड घराकडे बघावं तसं बघतंय अशी सत्ताविशीतली बाई. चंद्रभागेच्या वाळवंटात लोक पिढ्यान्‌पिढ्या आपलं दुःख घेऊन आले, पण तिचं दुःख कुठल्याच अभंगात बसणारं नव्हतं. विठ्ठलाच्या दारात बसून तिला अशा माणसासाठी रडायचं होतं, जो दुसऱ्या देवाच्या वाटेनं निघून गेला होता. मी ती पानं वाचता वाचता खिडकीशी येई. रात्री उशिरा सात रस्ताही मोकळा होतो. सगळ्या वाटा समोर उघड्या पडलेल्या असतात, आणि एकीवरूनही आपलं कुणी येणार नसतं. तिला तेव्हा तसंच वाटलं असेल का?

पण तिला शब्द सापडले. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई; अक्षरं नवऱ्यानं शिकवलेली, तीही धरसोडीत. त्याच ताटातुटीच्या काळात ती ओळी जुळवू लागली. ज्यानं अक्षरं दिली त्याच्याच विरहात ती अक्षरं कामी आली.

आणि श्रद्धा? ती तिच्याकडे झेपावत आली नाही. नगरला, मग राहुरीला ती टिळकांबरोबर पुन्हा राहू लागली, तीसुद्धा आपली चूल आणि आपलं सोवळं सांभाळत. टिळकांनी बळजबरी केली नाही, हे मला त्यांच्या साऱ्या कवितेहून मोठं वाटतं. जिच्या माहेरी बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घेत, तिच्या मनात जातीची भिंत किती जाड असेल! राहुरीत एक दिवस तिनं स्वतःलाच विचारलं, की हे भेद देवानं केले की माणसानं? उत्तर तिचं तिला मिळालं, आणि ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या हातचं ती प्यायली. 1900 साली तिचा बाप्तिस्मा झाला. मला त्या बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी हे घोटभर पाणी दिसतं. ते नरड्याखाली उतरताना तिला काय वाटलं असेल याचा विचार करताना माझ्याच गळ्यात काहीतरी हललं.

मी पेटी काढली. भात्याला वाळवीनं भोक पाडलं होतं, काही पट्ट्या बसल्या होत्या. दुरुस्त करून आणली. पहिल्या संध्याकाळी गायले नाही, नुसता षड्ज धरून बसले, आणि प्रार्थनाही शब्दांत केली नाही. जे ओठांवर येत नव्हतं ते बोटांतून जाऊ दिलं. प्रभू ऐकतो तेव्हा शब्दांची वाट बघत नाही, ही माझी श्रद्धा तेव्हापासूनची. पुढे कधीतरी दारात शेजारचा एक मुलगा येऊन उभा राहिला. त्याच्या मागून त्याची बहीण. त्यांना सूर दाखवायचा म्हणून मला तोंड उघडावं लागलं. सूर फाटका लागला, खरखरीत लागला, पण लागला.

यश कशाला म्हणायचं, हे मी अलीकडे लक्ष्मीबाईंच्या हिशेबानं मोजते. 9 मे 1919 ला टिळक गेले. त्यांनी सुरू केलेलं ख्रिस्ताच्या चरित्राचं काव्य, ‘ख्रिस्तायन’, सुरुवातीच्या मोजक्या अध्यायांवर थांबलं होतं. ते बाईंनी हाती घेतलं आणि पुढचे अध्याय लिहीत गेल्या, थोडेथोडके नाहीत, साठीच्या पुढे नेऊन पोथी पुरी केली. छापून आली 1938 मध्ये. त्या 1936 च्या फेब्रुवारीतच गेल्या होत्या. जे छापलेलं बघायला मिळणार नाही तेही इतक्या जिवापाड करायचं! आणि याच उतारवयात ‘स्मृतिचित्रे’, जिथं सगळ्या जखमा आहेत आणि एकही तक्रार नाही. पंढरपूरचे हुंदकेही त्यात आहेत, आणि ते सांगणारा आवाज किती मोकळा, किती हसरा. ते हसू मला दुःख विसरलेल्या बाईचं वाटत नाही. ज्याच्या हाती आपण आयुष्य दिलं त्याच्यावर पूर्ण भरवसा असलेल्या बाईचं वाटतं.

आता माझ्या खोलीत जागा पुरत नाही. नाताळच्या उपासनेत मुलं गातात, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतून आणलेल्या पिपाण्या वाजवत तीच मुलं शिकायला येतात. काही ख्रिस्ती, काही नाहीत. मी विचारत नाही. त्यांच्या आयांपैकी कुणी शिवणकामाला जाते, कुणी यंत्रमागाच्या खटखटीतून थेट इथं येऊन दाराशी टेकते आणि डोळे मिटते. त्या मिटल्या डोळ्यांसाठी मी एखादं कडवं जास्तीचं म्हणवून घेते.

यंदा टिळकांचं एक भजन बसवतेय. तबलजी मिळेना. परवा मागच्या रांगेतली एक मुलगी, जिचा आवाज अजून भिजलेला, बिचकणारा आहे, ती उभी राहिली आणि म्हणाली, “टीचर, माझा मामा पंढरपूरला भजनात पखवाज वाजवतो. त्याला बोलावू का? तो येतो म्हणालाय. पण चाल आधी ऐकवा म्हणतोय.”

मी तिच्या आईचा फोन मागून घेतला, जमिनीवर पेटीजवळ ठेवला, आणि मुलांना म्हटलं, “चला, पहिल्यापासून. मोठ्यानं.”