संकठा घाटासमोरची वाळू

काशीचा संकठा घाट मराठी माणसाला परका वाटत नाही. लागूनच शिंदे घाट, थोडं पुढे नागपूरकरांचा भोसले घाट. घाटाला नाव मिळालंय ते वरच्या संकटा देवीवरून. दर्शन घेऊन आम्ही पायऱ्यांवर बसलो. समोर पैलतीरावर हिवाळ्यात उघडी पडलेली वाळूच वाळू.

‘केवढा मोठा बंकर!’ बाबा म्हणाले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गोल्फचं नाव त्यांनी पहिल्यांदाच काढलं.

होडीने पलीकडे गेलो. बंकरमधून ३० ते ५० यार्डांचा फटका म्हणजे भल्याभल्या गोल्फरांचं संकट. ‘थेट चेंडूला मारायचंच नाही,’ बाबा शिकवू लागले. ‘क्लब त्याच्या जरा मागे वाळूत घालायचा. वाळूच चेंडूला उचलते. अंतर जास्त असेल तर सँड वेजऐवजी पिचिंग वेज घ्यायचा. आणि हात मध्येच थांबवायचा नाही.’

त्यांनी आधाराची काठी उलटी धरली, पाय वाळूत रोवले आणि फटका मारला. वाळू उडाली. बाबा डगमगले, पण पडले नाहीत.

परत आल्यावर घाटाच्या पायऱ्या चढताना त्यांनी माझा हात धरला नाही. ‘पुण्याला गेलो की एकदा कोर्सवर जाऊ,’ एवढंच म्हणाले.