डळमळण्याचं मोल

बास मासा गळाला लावण्यासाठीच्या नकली मासोळ्यांची तुलना करताना मला रंगाआधी हालचाल पाहावीशी वाटते. फिनलंडच्या लाउरी रापालांनी 1936 मध्ये बुचातून कोरलेल्या मासोळीवर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी चढवली होती; पण तिचं मर्म डळमळण्यात होतं, कारण शिकारी मासा कळपातली जखमी मासोळी आधी हेरतो. पुढे वापरलेलं बाल्सा लाकूड हलकं, म्हणून ती संथ ओढीतही जिवंत भासते. अमेरिकेतली प्लॅस्टिकची रेबेल मासोळी अधिक टिकाऊ, वाऱ्यातही फेकायला सोपी, हा आक्षेप खराच. खडकाळ, वादळी काठावर मीही तिच्याच बाजूनं बोलेन. पण थंड, नितळ पाण्यात बास सुस्तावतो. तिथे दूर पोचण्यापेक्षा अडखळणं मोलाचं. दुबळेपणाचं सोंग बलवानाला इतकं का भुलवतं, हे मात्र मनात घोळत राहतं.