जागचं हललेलं नाही ते काय?

घाटातल्या एखाद्या कड्याचा मे महिन्यातला स्कॅन आणि पावसाळ्यानंतरचा स्कॅन एकमेकांवर बसवायचे, तर त्या कड्यात जागचं न हललेलं काहीतरी हाताशी हवं. भिंगारहून आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाटात उमेदीची वर्षं गेली, पण या एका गोष्टीने अजून पिच्छा सोडलेला नाही. रस्त्याकडेची भिंत भरावावर उभी, तीच खचते. वर कठीण काळा कातळ, खाली मऊ तांबडा थर. हा थर पाण्याने झिजतो, वरचा कातळ अधांतरी होतो आणि उभ्या भेगांवरून सुटतो. त्यावर खुणेचा फलक ठोकला, तर फलकही कातळाबरोबर सरकणार. जुळणीत एका अंशाच्या शंभराव्या भागाइतका कल राहिला, तरी २०० मीटरवर साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. मी शोधत असतो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर! शिवाय पावसाळ्यानंतर कड्यावर गवत माजलेलं असतं, ते वेगळंच.

हल्ली ड्रोन उडवून संध्याकाळी रंगीत नकाशा हातात ठेवणारे पुष्कळ झालेत. जुळणी संगणकावर सोपवली की तो सगळीकडचा फरक मिळून कमीत कमी करतो. सुटलेला भाग मोठा असेल, तर त्याची हालचाल शेजारच्या धडधाकट कातळावर वाटली जाते. एकाचा ताप घरभर वाटून कुणालाच फारसा ताप नाही म्हणावं, तसं. याचा मला संताप येतो. दरड वेळेत कळली नाही तर काय होतं, ते मी विसरलेलो नाही: २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली आणि गाडीतली पन्नासहून अधिक माणसं गेली. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात रूळ पायी तपासणाऱ्या गस्तवाल्यांवर माझा अशा नकाशांपेक्षा जास्त भरवसा आहे.

रंगांचा मोह मलाही आहे. निळ्या कड्यावर लाल ठिपका उमटला की तो आधी कुणाला तरी दाखवावासा वाटतो. दरड सरांनी पकडली, हे ऐकायला आवडतं. कडा स्थिर निघाला की मन खट्टू होतं. खालून एसट्या जात असतात, तरीही.

यंदा गुडघ्यांनी साथ सोडली, म्हणून फलक लावायला माझी विद्यार्थिनी वर चढली. उतरल्यावर म्हणाली, "सर, एकच कातळ स्थिर का धरायचा? दर जुळणीला वेगळा धरून बघू." नोव्हेंबरात तसंच करणार आहोत. जो भाग प्रत्येक जुळणीत सरकलेला दिसेल, तो अहवालात लाल. जो एखाद्याच जुळणीत दिसेल, त्याला रंग द्यायचा नाही. तिथे पुन्हा स्कॅन, आणि तोवर खाली गाड्या उभ्या करायच्या नाहीत, अशी पाटी.