हडसनकाठचा गळीत हंगाम

लग्नाला ३४ वर्षे झाली, पण एवढ्या काळात आम्ही दोघेच, फक्त दोघेच, हॉटेलात जेवायला गेल्याचे प्रसंग मोजायला एका हाताची बोटे पुरतील. गळीत हंगामात ह्यांना घरीसुद्धा धड जेवायला सवड नसे आणि हंगाम संपला की माझे पेपर तपासणे सुरू होई. त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात, लेकीकडे अमेरिकेत असताना, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिने हातावर डॉलरच्या नोटा ठेवल्या आणि "आज तुम्ही दोघंच जा," असे म्हटले तेव्हा आम्ही नवपरिणितांसारखे गोंधळलो!

लेक न्यू जर्सी राज्यात, जर्सी सिटीत राहते. जवळच्या युनियन सिटीत नवे क्यूबन उपाहारगृह उघडल्याचे तिनेच सांगितले. १९५९ च्या क्रांतीनंतर देश सोडलेले इतके क्यूबन लोक या गावात स्थिरावले, की त्याला 'हडसनवरचे हवाना' असे नाव पडले. निघताना तिने बजावले, "आई, तिथं कॅस्ट्रोचं नाव काढू नकोस हं!" मला हसू आले. मी कॉलेजात शिकत असताना, १९८३ च्या मार्चमध्ये, दिल्लीच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत फिडेल कॅस्ट्रोंनी इंदिराबाईंना मिठी मारली होती. क्यूबाविषयीचे माझे ज्ञान त्या एका छायाचित्रापाशी सुरू होऊन तिथेच संपत होते.

खरे सांगायचे तर या जेवणामागे माझा एक हेतू होता. माझ्या सहकाऱ्यांना तो आज प्रथमच कळेल. माझ्या पर्समध्ये स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलेला होता. लेक म्हणत होती, आता इथेच राहा. दीड वर्षाच्या नातवाने मला पुरते बांधून टाकले होते. आणि परत जायचे तरी कशासाठी? ह्यांनी ज्या साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून ३३ वर्षे घालवली, तो बंद पडला होता. थकलेला पगार मिळाला नव्हता. कामगारांनी लावलेल्या दाव्याच्या तारखांना जाणेही ह्यांनी सोडून दिले होते. त्याहून वाईट म्हणजे हा माणूस बोलेनासा झाला होता. चांगल्या जेवणानंतर ह्यांच्या तोंडून एक 'हो' काढून घ्यायचा, एवढाच माझा बेत होता.

आमच्याकडच्या वडापसारख्या छोट्या गाड्या तिथेही धावतात; त्यांना 'जिटनी' म्हणतात. तशा एका गाडीतून आम्ही बर्गनलाइन अ‍ॅव्हेन्यूवर उतरलो. उपाहारगृहाच्या दारावर उद्‌घाटनाचे फुगे अजून लटकत होते. एका पदार्थाचे नाव होते 'रोपा व्हिएहा', म्हणजे 'जुने कपडे'! ते गोमांसाच्या चिंध्या करून शिजवतात, असे वाढणाऱ्या मुलीने सांगितल्यावर आम्ही ते कपडे दुरूनच वाळत ठेवले. मग काळ्या घेवड्याची दाट उसळ आणि पांढरा भात आला. हिरवी केळी तळून, ठेचून, पुन्हा तळलेले 'तोस्तोनेस' आले. लसूण आणि आंबट रस घातलेला 'यूका' आला. हा यूका म्हणजे आपल्याकडे ज्याचा साबुदाणा होतो तोच कंद! "एकादशीला चालेल," असे मी म्हटले. हे नुसते "हं" म्हणाले.

मी पर्समध्ये हात घातला, तेवढ्यात कर्र्र असा आवाज आला. गल्ल्याशेजारी एक वृद्ध गृहस्थ चरकात ऊस घालीत होते. ह्यांची मान वळली. रसाचे दोन पेले आले. तिथे त्याला 'ग्वारापो' म्हणतात. ह्यांनी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाले, "ब्रिक्स सोळाच्या वर नाही. ऊस तोडून बरेच दिवस झालेत."

कित्येक महिन्यांत एवढे लांब वाक्य मी ऐकले नव्हते! मालकीणबाईंनी ते हसत हसत वडिलांना सांगितले. तो ऊस फ्लोरिडाहून येत होता. 'ब्रिक्स' हा शब्द ऐकताच वृद्ध गृहस्थ हात पुसत आमच्या मेजाशी आले. त्यांना इंग्रजी येत नव्हते. लेक दुभाषी झाली. पण फार वेळ तिची गरज पडली नाही. ह्यांनी चोथ्याकडे बोट करून "बगॅस" म्हटले, ते म्हणाले "बगासो", आणि दोघे शाळासोबती भेटल्यासारखे हसले.

ते साखर कारखान्यात पॅनवर होते. तिकडे गळीत हंगामाला 'साफ्रा' म्हणतात. १९७० च्या साफ्रात एक कोटी टन साखर काढायचा विडा कॅस्ट्रोंनी उचलला (नाव त्यांनीच काढले, मी नव्हे!), तेव्हा कचेऱ्यांतली माणसेसुद्धा कोयते घेऊन उसात उतरली. सोळा वर्षांचे हे गृहस्थही त्यांत होते. सुमारे ८५ लाख टनांवर गाडे अडले. पुढे २००२ साली सरकारने जवळजवळ निम्मे कारखाने बंद केले. त्यांत त्यांचाही गेला. एके काळी जगाला साखर पुरवणाऱ्या त्या देशाला अलीकडे ती बाहेरून आणावी लागली आहे. हे सांगताना त्यांनी कॉफीच्या पहिल्या थेंबांत साखर फेटून तिचा फेस केला आणि आमच्यापुढे ठेवला.

मग यंत्रांवरून वाद निघाला. चित्र काढायला कागदी रुमाल घेतला, तर पेनाने तो फाटला. "अगं, कागद आहे का?" ह्यांनी हात पुढे केला. माझ्याजवळ एकच कागद होता. क्षणभर मी थांबले आणि तो दिला. अर्जाच्या कोऱ्या पाठीवर चरकाचे रोलर, बॉयलर, पॅन, चिमणी असे सारे उभे राहिले. अर्ध्या रेघा मराठी, अर्ध्या स्पॅनिश!

निघताना वृद्ध गृहस्थांनी विचारले, "तुमची चिमणी अजून उभी आहे?"

"आहे," हे म्हणाले.

"मी इथं लेकीला भेटायला म्हणून आलो होतो. राहून गेलो. आमची मोडून भंगारात विकली, हे मला फोनवर कळलं." एवढे बोलून त्यांनी तो कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. परत मागण्याचे धाडस मला झाले नाही.

जिटनीची वाट पाहताना हे म्हणाले, "ऑगस्टमध्ये तारीख आहे. जायला हवं."

नातू अडीच हातांवरून मला हाका मारतो आहे असे वाटले, आणि घशात काही तरी अडकले. पण जो आवाज मी इतके दिवस शोधत होते, तो समोरच बोलत होता. त्याला मी काय उत्तर देणार?

जूनमध्ये मी पुन्हा वर्गात उभी राहिले. दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. पण हे प्रत्येक तारखेला जातात आणि परतल्यावर न विचारता सगळे सांगतात. नातू फोनच्या पडद्यावर दिसतो. तो दिसेनासा झाला की तासभर मी कोणाशी बोलत नाही. दुसरा अर्ज लिहिता आला असता. तसा कागद पुष्कळ आहे घरात. पण लिहिला नाही.