आठवी पिढी

पडेगावातल्या आमच्या घरात पहिला लॅपटॉप आला २०१५ साली, आईची पाटली मोडून. मी बघितलं काय, तर चकचकीत झाकण आणि एक टीबीची हार्डडिस्क. दोन वर्षांत तो चालू होईपर्यंत आईचा चहा उकळून व्हायचा. मोठं मशीन आहे, वेळ लागणारच, असं ती म्हणायची.

यंदा धाकटीसाठी बाबांनी मलाच पुढे केलं. कॅनॉटमधला दुकानदार रंगीत दिव्यांचा कीबोर्ड दाखवत होता. मी विचारत होतो: एसएसडी आहे ना? ८ जीबी रॅम पुढे वाढवता येते का? शेवटी ऑफिसातून निघालेला जुना थिंकपॅड घेतला. इंटेलची आठवी पिढी बघूनच. त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. बिजागऱ्या, बॅटरी तपासली.

"सेकंडहँड?" धाकटी छावणी ओलांडेपर्यंत बोलली नाही.

रात्री बटण दाबलं. आई सवयीने चहा ठेवायला उठली, तर ओट्यापर्यंत पोचायच्या आत स्क्रीन उघडली.

"इतक्यात?"

त्या जुन्यातही फक्त एसएसडी टाकायची होती. आईला हे अजून सांगितलेलं नाही.