खाऱ्या समुद्राकाठची गोड विहीर

वाचकहो, तुम्ही म्हणाल, हा शेतीखात्याचा माणूस पिकाचे सांगायचे सोडून समुद्राचे काय सांगत बसला? तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण पंचवीस-तीस वर्षे बांधाबांधाने फिरून मी एक गोष्ट पाहिली. आपला वऱ्हाडातला शेतकरी घर सोडतो तो तीनच कारणांसाठी. एक लग्न, दुसरे दवाखाना आणि तिसरे देवदर्शन. नुसते चार दिवस विसाव्याला म्हणून कुणी गेला, असे गावात सांगितले तर लोक विचारतात, "काहून? काही बिघडलं काय?"

आमच्या पातुरात डोंगराच्या पोटात कोरलेली लेणी आहेत. मी इतकी वर्षे पातुरात राहतो, पण कुणी पाहुणा आला तरच तिकडे पाय वळतात. तेव्हा पातूरहून सहाशेच्या वर किलोमीटर दूर असलेला समुद्र पाहायला जाणे ही काही लहान गोष्ट नव्हती. तरी गेल्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुरुवातीला, आम्ही तीन घरची तेरा माणसे रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातल्या मुरूड गावी चार दिवस एका घरात राहून आलो. त्याची ही हकीकत.

तीन घरे म्हणजे एक आमचे. दुसरे आमच्या शेजारच्या गुरुजींचे. तिसरे माझ्या वसतिगृहातल्या जुन्या मित्राचे. अकोल्याला कृषी महाविद्यालयात आम्ही एका खोलीत होतो. वडील गेले म्हणून दुसऱ्या वर्षी तो शिक्षण सोडून गावी परतला आणि तेव्हापासून अकोट तालुक्यात सात एकर कोरडवाहू शेती करतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. तिथे विहीर खणा की बोअर घ्या, पाणी खारट लागते.

घर भाड्याने घ्यायचे ठरले तेव्हा दादा साफ म्हणाला, "फुकटात समुद्र पाहाले मी येत नाई, भाऊ. तुमी जा." कापसाने त्या वर्षी काही दिले नव्हते आणि हातात रोकड नव्हती. आम्ही दोघे पगारदार. त्याचा हिस्सा आम्ही सहज भरला असता, पण तसे बोललो असतो तर तीस वर्षांची दोस्ती त्या दिवशी संपली असती. मी गप्प बसलो. वाट काढली ती आमच्या सौभाग्यवतींनी. त्या म्हणाल्या, "चार दिवस तेरा माणसांना खायला लागेलच ना? शिधा दादांकडून घेऊ, बाजारभावाने." मग गुरुजींनी वही घातली. मोठ्या माणसाचा एक हिस्सा, बारा वर्षांखालच्या पोराचा अर्धा, आणि दादाच्या म्हाताऱ्या मायचा हिस्सा नाही. दादाने तूरडाळ, ज्वारीचे पीठ, बेसन, हळद, तिखट असा माल आणला, गुरुजींनी तो तोलून भावासकट वहीत मांडला, आणि उरलेली बाकी नवी तूर निघाल्यावर द्यायची ठरली. दोस्तांबरोबर जायचे असेल तर ही वही तुम्हीही घाला. तोंडी हिशेबात पैसा जातोच, आणि माणूसही जातो.

सतरा माणसांची गाडी ठरवली. मेडशीवरून मालेगाव, मेहकर, जालना, संभाजीनगर असे करीत पुण्याला रात्रीचा मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाट उतरून कोकणात आलो. प्रवासाचे फार सांगत नाही. पोरांना गाडी लागली, मायला लागली नाही, एवढेच.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. तांबड्या जांभ्या दगडाची घरे, मागे नारळ-सुपारीची वाडी आणि वाडी संपली की वाळू. ज्या घरात आम्ही उतरलो त्याचे मालक साठीच्या पुढचे. आम्ही त्यांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणू लागलो. पुढच्या दोन खोल्या आणि मागची पडवी आम्हाला दिली होती.

माय समुद्राजवळ गेली ती संध्याकाळी. वय अठ्ठ्याहत्तर. पाण्यापासून वीस पावलांवर ती थांबली, पुढे जाईना. आम्हाला वाटले, घाबरली. मग म्हणाली, "एवढं पानी, अन् प्याले एक घोट नाई. आपल्या गावावानीच झालं की." लग्न होऊन आल्यापासून तिने साऱ्या घराचे पिण्याचे पाणी दुरून डोक्यावर आणले होते. आता नळयोजनेचे पाणी येते, पण येईल त्या दिवशी येते. तिला समुद्र पाहून पहिल्यांदा हे आठवले. आम्ही मात्र सूर्यास्ताचे फोटो काढत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे एक गंमत झाली. दादाच्या वहिनींना सवयीने चार वाजता जाग आली. गाय नाही, सडा नाही, पाणी नाही. त्या पडवीत बसून राहिल्या. आमच्या सौ. उठून पाहतात तर या रडवेल्या. म्हणाल्या, "हातले काही काम नाई, तं जीव कसातरीच होते." त्या दिवसापासून आम्ही नियम केला. एका दिवशी एका घरच्या बायांनी स्वयंपाक करायचा, बाकीच्या दोन घरच्या बायांनी पडवीच्या आत पाऊल टाकायचे नाही, आणि भांडी तिन्ही दिवस पुरुषांनी घासायची. गुरुजी घरी पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाहीत. त्यांनी राख-नारळाच्या काथ्याने कढई घासली तेव्हा त्यांच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी माळकरी, आम्ही दोन घरे मासे खाणारी. म्हणून चुली दोन ठेवल्या. त्यात कुणाला काही वाटले नाही. हर्णैच्या बंदरावर वाळूत मासळीचा लिलाव होतो, तिथून आम्ही मासळी आणली. लिलावाची बोली आपल्या बाजार समितीसारखीच, फक्त आपल्याकडे ढीग कापसाचा असतो आणि तिथे तो जिवंत असतो, फडफडतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते ठाणे. पोरांना होडीतून नेऊन आणले.

एक काळजीची गोष्ट सांगायलाच हवी. आपली पोरे विहिरीत, बंधाऱ्यात पोहणारी. त्यांना वाटते, पाणी ते पाणी. गुरुजींचा मुलगा तिसऱ्या दिवशी दुपारी कमरेच्या वर पाण्यात गेला, आणि त्या वेळी ओहोटी लागली होती. बाहेर यायला पाय उचलावा तर पायाखालची वाळू सरकते आणि पाणी आत ओढते. काकांनी वाडीच्या कडेवरून हाक मारली, शेजारचे दोन कोळी तरुण धावले आणि मुलगा बाहेर आला. तो दहा मिनिटे बोलला नाही. गुरुजी अख्खी संध्याकाळ बोलले नाहीत. रात्री काकांनी आम्हाला पंचांगावरून भरती काढायला शिकवली. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सहा तास पाणी उतरत जाते, ती ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा ओढही जास्त. थोडा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. पंचांग आपल्या प्रत्येक घरी आहे. समुद्रावर जाताना ते बरोबर न्या, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारा.

आता वाडीकडे येतो. इथे माझा खरा जीव रमला.

काकांच्या वाडीत शिरलो तेव्हा मला नवल वाटले. इतके जुने घर, आणि झाडे बहुतेक माणसाच्या दीड-दोन उंचीची. मधूनच एखादा उंच माड, तोही वाकलेला. विचारले तेव्हा काका म्हणाले, "३ जून २०२०. निसर्ग वादळ." त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला आणि दुपारपर्यंत सुपारी काडीसारखी मोडून पडली. आजोबांनी लावलेले माड मुळासकट उपटले, घराची कौले उडाली. काकू देवघरात बसून होत्या. वादळ गेल्यावर दार उघडले तर समोर समुद्र दिसला. जन्मात घरातून समुद्र दिसला नव्हता, मध्ये वाडी होती. "तेव्हा मला समुद्राचा राग आला," असे काकू म्हणाल्या.

तुम्ही-आम्ही कपाशीवाले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपले कंबरडे मोडले, पण पुढच्या जूनला आपण पुन्हा सरकी टोबली. माडाचे तसे नाही. बाणवली जातीचा उंच माड लावला तर पहिला नारळ दिसायला सहा-सात वर्षे जातात, सुपारीलाही पाच-सहा. एका दुपारी गेले ते परत यायला पोराचे शिक्षण होऊन जाते. शिवाय वाड्या गुंठ्यांच्या आणि नुकसानभरपाईचा विचार सुरुवातीला हेक्टरी. मी स्वतः सरकारी माणूस, पंचनाम्याचा कागद दोन्ही बाजूंनी ओळखतो, म्हणून मी तिथे मान खाली घालून ऐकले. काकांनी घराच्या पुढच्या खोल्या पाहुण्यांना देणे सुरू केले ते त्यानंतर. आम्ही ज्या खोलीत झोपलो ती वादळाने उघडलेली खोली होती.

पण त्यांनी नुसते नारळ पुन्हा लावले नाहीत. माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, माडावर चढवलेली काळी मिरी असे लावले आहे. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. नारळात मसाल्याची पिके घेण्याची ही पद्धत तिथून पसरली आणि लोक तिला लाखी बाग म्हणतात. माड फळाला येईपर्यंत आणि आल्यावरही, एकाच्या भरवशावर राहायचे नाही, हा त्यातला हिशेब.

दादा हे सारे ऐकत होता, पण त्याचे लक्ष विहिरीकडे होते. वाडीच्या टोकाला, वाळू जिथे सुरू होते तिथून शंभर-दीडशे पावलांवर एक उथळ विहीर. त्याने काकांना न विचारता तांब्या सोडला, घोट घेतला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, हे तं गोड हाय!" पुन्हा प्यायला. मग मायला बोलावून आणले आणि तिला पाजले. माय म्हणाली, "समुद्राच्या काठी गोड, अन् आपल्या घरी खारं. देवानं उलटं केलं."

देवाने उलटे केलेले नाही, म्हणून मी समजावून सांगितले. तेच तुम्हालाही सांगतो. दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे साडेसातशे-आठशे. ते पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. विहीर उथळ ठेवली आणि उपसा बेताचा ठेवला तर ते गोडेच मिळते. मोठा पंप लावून ओरबाडले की खालचे खारे वर चढते. पूर्वी रहाट होते, तेव्हा हा धोका नव्हता. काका आता सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच पंप चालवतात. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा शेकडो फूट खोल थर आहे, त्यात क्षार साठलेले आणि जमीन चिकण, निचरा कमी. तिथे जितके खोल जाल तितके पाणी सुधारेल ही आशा खोटी. ते पाणी पिकाला दिले तर काळी जमीन चोपण होते. म्हणजे दोन्हीकडे गोडे पाणी एकच, पावसाचे. ते वर धरून ठेवता आले पाहिजे.

दादा म्हणाला, "म्हंजे तू शेततळ्याचं बोलून राह्यला."

होय, मी तेच बोलत होतो. तीन वर्षे बोलत होतो. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. तुरी-हरभऱ्याच्या अडीच-तीन एकरांना एक-दोन संरक्षित ओलिते होतात. खारपाणपट्ट्यातली चिकण माती पाणी फारसे झिरपू देत नाही, त्यामुळे तिथे बहुधा प्लास्टिकचा कागदही लागत नाही. दादाचे म्हणणे एकच असायचे, नऊ गुंठे तळ्यात आणि बांधासकट बारा-तेरा गुंठे जमीन जाते, सात एकरवाल्याने ती का घालवावी? त्याचे म्हणणे अगदीच चूक होते असेही नाही. सात एकरांतले बारा गुंठे ज्याचे जातात त्यालाच ते कळते. मुरूडला त्याने वाद घातला नाही. तांब्या पालथा घालून वाळूत एक चौकोन काढला, पावलांनी मोजला, आणि पोरांनी तो लगेच किल्ला समजून बुरूज बांधले.

निघताना काकूंनी बायांच्या ओट्या भरल्या, मायला आमसुले दिली. मे महिन्यात त्यांच्या अंगणात रातांब्याची साले वाळत होती. आमच्याकडून दादाने तूरडाळीची उरलेली पिशवी आणि वाडेगावची लिंबे काकूंपुढे ठेवली. काका खोलीचे पैसे थोडे कमी घेऊ लागले तर गुरुजींनी वही पुढे केली आणि ठरलेलेच दिले. वहीत तेवढेच लिहिले होते.

फेब्रुवारीत दादा पातूरला आला. तूर विकली होती. बाकी रक्कम त्याने गुरुजींच्या ओट्यावर मोजून दिली आणि वहीत स्वतःच्या हाताने रेघ मारली. मग माझ्याकडे चहा घेताना खिशातून सातबाऱ्याचा उतारा काढला आणि म्हणाला, "धुऱ्याकडचा सखल कोपरा पाह्यला. पान्याचा उतार तिकडंच हाय. अर्ज कुठं भराचा ते सांग." तळे अजून खोदायचे आहे. उतार मोजायला मी येत्या रविवारी त्याच्या गावी जाणार आहे. मायने निरोप धाडला आहे, येताना सूनबाईला आणि पोरांना घेऊन या, आणि पातुराहून पाण्याचा डबा आणायचा विसरू नका.