आखडता हात

आमच्या घरातून उपाशी कोणी जात नाही. दारातला कुत्रा, खिडकीतला कावळा, टपालवाला, वह्या दाखवायला आलेली माझी शाळेतली मुलं, आईच्या हातचं काही ना काही तोंडात पडल्याशिवाय कुणाची सुटका नसते. अशा घरात यंदा मी एक बाग केली आणि तिला कोणी काही घालायचं नाही, असा नियम केला. तेव्हापासून घरात माझी पत उतरली आहे.

बाग म्हणजे गच्चीवरचा एक जुना प्लॅस्टिकचा टब, आणि त्यात किडे खाणारी झाडं. टबाला तळाशी भोक नाही. बाजूला, मातीच्या पातळीखाली दोन इंचांवर, एकच. म्हणजे खाली ओल टिकते आणि वर पाणी तुंबत नाही. आत दोन वाटे पीट मॉस, एक वाटा धुतलेली जाड वाळू. शेणखत नाही, बागेतली माती तर मुळीच नाही. पाणी फक्त पावसाचं, पिंपात साठवून फडकं बांधलेलं. बोअरच्या पाण्यातले क्षार या झाडांना सोसत नाहीत. सिमेंटची कुंडीही नको. तिच्यातला चुना पाण्यात उतरतो.

त्यात रोपवाटिकेतून आणलेला दवबिंदू लावला. रुपयाएवढं तांबूस पानांचं चक्र; पानांवर बारीक केस, केसांच्या टोकांना चिकट थेंब. चिलट बसलं की कडेचे केस काही सेकंदांत आत वळतात.

ते पाहून आई म्हणाली, “अरे, जन्मभर गळ्यात माळ माझ्या, आणि तू घरात खाटीक आणलास?”

मी म्हटलं, “आई, हेही तुझ्या तुळशीसारखं उन्हावरच जगतं. मातीत नत्र नाही, तेवढंच ते किड्याकडून घेतं.”

साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर असंच आहे. जांभ्यावर बोटभर माती, तीही पावसानं धुतलेली. तिथंही दवबिंदू उगवतो, आणि श्रावण-भाद्रपदात निळी-जांभळी सीतेची आसवं फुलतात. त्यांच्या मातीतल्या इवल्या पिशव्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. (२०१२ पासून ते पठार जागतिक वारशात आहे. तिथलं रोप तिथंच बघावं, उपटून आणू नये.)

“सीतेची आसवं म्हणे, आणि किडे गिळतात!” आई पुटपुटली.

चार्ल्स डार्विननं १८७५ मध्ये अशा झाडांवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा फ्रान्सिस यानं १८७८ मध्ये दाखवलं, की ज्या दवबिंदूंना मांसाचे कण भरवले, त्यांना बी अधिक धरतं.

आईनं लगेच पकडलं. “म्हणजे भरवलेलं चालतं!”

“पानाला चालतं, मुळाला नाही. मुळाशी खत घातलंस तर मरेल ते.”

मायेनं मरणारं झाड तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं. ती बराच वेळ टबाकडे बघत राहिली.

माझा मुलगा जूनपासून पुण्यात चौघांत खोली करून राहतो. दर आठवड्याला एस.टी.नं त्याला डबा पाठवायचा, हा आईचा परिपाठ. गणपतीनंतर त्याचा फोन आला, “आजी, डबा नको गं. आम्ही पाळीपाळीनं स्वयंपाक करतो. माझी आमटी सगळ्यांना आवडते.”

आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गच्चीवर गेली. मी मागोमाग गेलो, म्हटलं आता वरणाचं पाणी ओतते की काय! पण तिच्या हातात पिंपातल्या पाण्याचा तांब्या होता. टबाच्या कडेनं तिनं हळूच धार सोडली आणि म्हणाली, “हात आखडता घ्यायलाही शिकावं लागतं रे. या वयात!”

त्या आठवड्यात डबा गेला नाही. दवबिंदूनं आता पांढऱ्या फुलांचा दांडा काढला आहे. नातू दिवाळीला येतोय. आईनं त्याला निरोप धाडला आहे, “येताना काही आणू नकोस. एक दिवस आमटी तू कर. मी नुसती पाटावर बसणार आहे.”